दंडावरची घडी

आमच्या कचेरीत नवीन लागलेल्या एका मुलीने मला मागच्या महिन्यात विचारले, "मॅडम, मोबाइल असताना घड्याळ काऊन घालता?" विचारण्यात खोच नव्हती, तिला खरेच कळत नव्हते. तिचे वर्षाचे लेकरू घरी सासूजवळ असते. त्याच्या काळजीने ती सारखी फोन पाहते, आणि फोनमध्ये वेळ असतेच. मी म्हटले, सवय आहे. हे अर्थातच खोटे होते. घड्याळ मी हट्टाने घालते. हा हट्ट माझ्या आईचा. माझ्याकडे तो तिच्याकडून आला.

आमचे गाव कामठ्याच्या बाजूला. १९९९ साली मी दहावी पास झाले. आमच्या मोहल्ल्यातली त्या वर्षी पास झालेली मी एकटीच मुलगी, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. मामा गोंदियाला हमाली करायचा. त्याने बाजारातून मला घड्याळ आणून दिले. पांढरी तबकडी, काळा पट्टा, मोठे आकडे. विहारात वंदनेला बसतानासुद्धा मी बाही वर सारून बसायची, म्हणजे मागच्यांनाही दिसावे. घड्याळाची हौस फिटली नव्हती तोवर रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली आणि आई म्हणाली, "तुही घडी दे मले. रोवणीपुरती."

मी साफ नाही म्हटले. धानाच्या बांधीत, चिखलात, माझे नवे घड्याळ? आई शांतपणे म्हणाली, "आभाळ भरून राहते न बाई. दिवस दिसत नाही. मंग आमचा दिवस मालकाच्या हातात जाते."

तिचे म्हणणे खरे होते. रोवणीचे काम पाच वाजेपर्यंत, असे ठरलेले असायचे. एरवी बायका सावली पाहून वेळ सांगतात. पण त्या दिवसांत सूर्यच नसतो, सकाळ आणि संध्याकाळ सारखीच करडी. बांधीत पंधरा-वीस बाया कमरेतून वाकलेल्या, आणि सगळ्यांत मिळून घड्याळ एकच, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन बसलेल्या मालकाच्या मनगटावर. तो म्हणेल तेव्हा पाच. बाया घरी यायच्या तेव्हा गावात दिवे लागलेले असायचे, चूल थंड, लहान लेकरे रडून रडून उपाशीच झोपलेली. कोणी विचारलेच तर मालक म्हणायचा, अजून वेळ आहे. त्याला खोटे पाडायला कोणाजवळ होते काय?

मी घड्याळ दिले, पण आदळआपट करून. आईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तिला घड्याळ कळत नव्हते. रागात मी तिला एवढेच शिकवले की लहान काटा पाचावर आणि मोठा बारावर आला की पाच वाजले. त्यापुढे तिनेही काही विचारले नाही. मनगट चिखलात बुडणार, म्हणून तिने घड्याळ दंडावर बांधायचे ठरवले. पट्टा पुरेना. मग माझ्या वेणीची लाल रिबीन त्याला दोन्ही बाजूंनी शिवली आणि वरून प्लास्टिकचा तुकडा गुंडाळला. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की मी काटे लावून द्यायचे, हे काम मात्र मी तोंड वाकडे करत का होईना रोज केले.

रविवारी अकरावीचे वर्ग नव्हते, म्हणून मीही पऱ्हे वाहायला गेले. पऱ्हे म्हणजे धानाची रोपे. त्यांच्या जुड्या बांधीत टाकत जायच्या, मागून बाया रोवत येतात. मालकाने आईच्या दंडावरचे घड्याळ आधीच हेरलेले होते. दुपारची भाकर झाली, बाया पुन्हा वाकल्या, तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "काय बाई, साहेबीण झाली तू तं. सांग बरं, किती वाजले?"

बाया थांबल्या. मी बांधीच्या दुसऱ्या टोकाला होते. आईला फक्त पाच येत होते आणि पाच वाजायला चिकार वेळ होता.

आईने दंड वळवून, प्लास्टिकवरचे पाणी पुसून, नीट पाहिले. "पाच नाही वाजले, मालक," ती म्हणाली. "वाजले का सांगीन."

आणि पुन्हा रोवायला लागली. मालक खो खो हसला, दोन-चार बायाही हसल्या. मला इतका संताप आला की हातातली जुडी त्याच्या छत्रीवर फेकावी असे वाटले. आईने मात्र मान वर केली नाही. दोन-तीन ओळी रोवायची, दंड पाहायची, पुन्हा ओळ. हळूहळू शेजारच्या बायाही तिच्या दंडाकडे पाहायला लागल्या.

मग आई सरळ उभी राहिली. कोपरापर्यंत चिखल गळत होता. "पाच," ती म्हणाली. मोठ्यानेही नाही.

मालकाने स्वतःचे घड्याळ पाहिले नाही. "तुही घडी पुढं हाय."

"मंग मिळवून घ्या," आई म्हणाली. पाय उपसत ती धुऱ्यापर्यंत गेली आणि तिने दंड त्याच्यासमोर धरला. आता त्याने फक्त आपले मनगट शेजारी आणायचे होते. त्याने घड्याळाचा हात खिशात घातला.

एकेक बाई कंबर धरून उभी राहत गेली आणि सगळ्या नाल्यावर हात धुवायला निघाल्या. घरी पोचलो तेव्हा अंगणात चांगला उजेड होता. मी चूल पेटवली. आईने घड्याळ सोडून, कोरड्या फडक्याने पुसून, माझ्या उशीखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला, त्या घडीवाल्या बाईला आणू नका. बायांनी उलटा निरोप पाठवला की मग आम्हीही येत नाही. पऱ्हे कोणासाठी थांबत नाहीत. वेळेत रोवले नाहीत तर वाया जातात. दोन दिवस मालकाने दुसऱ्या गावच्या बाया शोधून पाहिल्या, मग बोलावणे आले. मालकाने मान राखायला एक अट घातली, रोज सकाळी दोन्ही घड्या मिळवायच्या. आई म्हणाली, तेच तर म्हणून राहिली होती. तेव्हापासून कामाला उतरण्याआधी धुऱ्यावर त्याचे मनगट आणि तिचा दंड शेजारी शेजारी येऊ लागले. तो त्या वेळी दुसरीकडे पाहायचा. आई मात्र सावकाश पाहायची. तोवर तिने माझ्या मागे लागून बाकीचे आकडेही शिकून घेतले होते.

ते घड्याळ मी परत मागितले नाही. पहिल्या पगारात माझे वेगळे घेतले.

आईच्या गुडघ्यांनी २०११च्या सुमाराला दगा दिला. तेव्हा शेजारची सून आमच्याकडे घड्याळ मागायला आली. तिच्याकडे मोबाइल होता, सगळ्याच बायांकडे होता, पण तो डब्याच्या थैलीत, प्लास्टिकमध्ये, धुऱ्यावर पडलेला. चिखलाचा हात त्याला लावता येत नाही. शिवाय खिशातली वेळ एकट्याची असते. दंडावरची सगळ्या बांधीला दिसते.

आता मी गोंदियाजवळ कुडव्याला राहते आणि स्कूटीने शहरात कचेरीला जाते. चिखल नाही, पंखा आहे. पण आमच्या नव्या साहेबांना सुटायच्या वेळी मिटिंग घ्यायची खोड आहे. मोबाइल बाहेर ठेवून आत यायचे, असा त्यांचा नियम. भिंतीवरचे घड्याळ कधीचे बंद, त्यात सेल घालायला कोणाला सवड नाही. त्यामुळे माझे मनगट सोडले तर त्या खोलीत वेळ फक्त साहेबांच्या फोनमध्ये असते. ते म्हणतात, बस, पाच मिनिटे.

काल ती पाच मिनिटे संपेनात. ती नवीन मुलगी माझ्या शेजारी होती. सारखी दाराकडे पाहत होती, पदराचे टोक पिळत होती. सासू सहानंतर लेकराला सांभाळत नाही, हे तिने मला आधी सांगितलेले होते. साहेबांना विचारायची तिची हिंमत नव्हती. तिचे डोळे टेबलावरून फिरत माझ्या मनगटावर आले. मी हात वळवून तबकडी तिच्याकडे केली. तिने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

मी म्हटले, "साहेब, सुटायची वेळ होऊन गेली."

साहेब हसले. "मॅडम, तुमचं घड्याळ पुढे असेल."

मी उठले. टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीपर्यंत गेले आणि हात पुढे केला.

"मग मिळवून घ्या, साहेब."