राक्षस कसा वागेल, ते मी ठरवायचो

बसमध्ये लोकांच्या छत्र्या राहून जातात, तसे डेपोत किस्से राहून जातात. छत्री न्यायला मालक तरी येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, मग ते माझ्यासारख्या रिटायर कंडक्टरकडे साचत जातात!

राज्य नवं होतं आणि मेहकरकडचा आमचा डेपोही नवा होता. जेवणाच्या सुट्टीत टायरच्या खोलीत आमचा एक खेळ चालायचा. आम्हीच काढलेला. फरशीवर खडूने गड आखायचा, चिंचोके म्हणजे माणसं. लाकडी फासे बसच्या बॉडीवर काम करणाऱ्या सुताराने करून दिलेले. ड्रायव्हर गुलाबराव, मेकॅनिक श्रावण आणि बुकिंगवाले वानखडे बाबू, तिघांचा एकेक वीर. बाकी सगळे, म्हणजे राक्षस, दरोडेखोर, लांडगे, भुतं, एकट्या माझ्याकडे. घाव लागला की चुकला ते फासे सांगायचे. पण राक्षस लढेल, लपेल की पळेल, ते मी ठरवायचो. आणि सांगतो, माझ्यासारखे राक्षस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात कोणी चालवले नसतील!

* * *

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. माझे राक्षस एकामागून एक पुढे आले आणि एकामागून एक मेले. गुलाबरावने जांभई दिली.

"बापू, हे राक्षस हायेत का तिकिटाच्या लाइनीतली मेंढरं?"

मला लागलं ते. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांची सुलतानपूरची फेरी होती आणि नेमका बाजाराचा दिवस. गाडी थांबते न थांबते तोच एकाने खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. एका म्हातारीने दारातच बसकण मारली आणि पाय दुखतो म्हणून गळा काढला. मी तिला उचलेपर्यंत तिचं सगळं गणगोत ड्रायव्हरच्या दारातून आत!

पुढच्या डावात गडाच्या दरवाजात एक राक्षसीण कण्हत पडली होती. तिघे वीर तिच्याभोवती जमले. तेवढ्यात मागच्या भिंतीवरून बाकीचे राक्षस आत उतरले.

गुलाबराव ताडकन उठला. "थांब बे! हे राक्षस नाहीत, हे सुलतानपूरचं पॅसेंजर हाय!"

* * *

वानखडे बाबूंना प्रत्येक गोष्टीला नियम लागायचा. एकदा जंगलात मी तीन लांडगे सोडले. बाबूंनी लगेच हिशेब मांडला, "तीन लांडगे, तीन वीर. एकाले एक."

मी म्हटलं, "बाबू, लांडगे काही रिझर्व्हेशन करून येत नाहीत."

लांडगे सरळ मागे बांधलेल्या गाढवावर गेले. ते शिधा वाहणारं गाढव होतं, बाबूंच्या वीराचं. ते ओढून घेऊन लांडगे जंगलात पसार झाले. बाबू लालेलाल!

"पण आपल्याशी लढलेच नाहीत ते! हे काय झालं?"

श्रावण शांतपणे भाकरी मोडत म्हणाला, "बाबू, ते जेवाले आले होते."

* * *

एकदा दरोडेखोरांचा म्होरक्या गुलाबरावच्या हातून मेला. मी बाकीच्यांना पळवलं. गुलाबराव चिडला. त्याचा वीर भैरव आत्ता कुठे रंगात आला होता.

"पळून काऊन राह्यले बे? लढा ना!"

"कोणासाठी लढायचं?" मी म्हटलं. "ज्याचा धाक होता तो मेला."

श्रावण म्हणाला, "बरोबर हाय. मॅनेजर साहेब दौऱ्यावर गेले की आपन तरी कुठं थांबतो?"

चौघांनी एकदम दाराकडे बघितलं. या खेळाचा साहेबांना पत्ता नव्हता, आणि तो लागू नये अशीच आमची इच्छा होती.

* * *

एकदा एक राक्षस जिवंत सापडला. गुलाबरावने भैरवची तलवार उचलली. इतक्यात श्रावणने राक्षसाला सहज विचारलं, "नाव काय रे तुहं?"

मी काही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "दगडू."

गुलाबरावचा फासे धरलेला हात तसाच राहिला. मग त्याने फासे खाली ठेवले.

"आता नाव माहीत झालं. आता कसा मारू बे याले?"

दगडू पुढे तिघा वीरांचा स्वयंपाकी झाला. आणि बाबूंनी नवा नियम केला, लढाई संपेपर्यंत शत्रूला कोणी नाव विचारायचं नाही!

* * *

मग गुलाबरावची शेगावला बदली झाली. त्याचा भैरव पहिल्या डावापासूनचा. आमच्यात मेलेला वीर परत येत नसे, आणि भैरव कधी मेला नव्हता. "भैरवले संगं नेतो," तो म्हणायचा. "तिथं नवी मंडळी जमवतो."

शेवटच्या डावात भैरव राक्षसांच्या राजासमोर एकटा पडला. दोघेही घायाळ. राजा पळाला तरच भैरव नक्की वाचणार होता, नाहीतर सगळं फाशांवर.

श्रावण माझ्या कानाशी आला. "तुहे राक्षस त पळतात ना बापू? याले बी पळव." बाबू म्हणाले, "मी नियम करून देतो, हवा तर." गुलाबराव चिंचोक्याकडे बघत होता.

मी विचार केला. गड त्या राजाचा होता. आतल्या खोलीत त्याची पोरं होती. तो कुठे पळेल?

"हा पळत नाही," मी म्हटलं, आणि फासे टाकले.

भैरव मेला. गुलाबरावने त्याचा चिंचोका उचलून खिशात टाकला आणि मुकाट्याने जाऊन गाडी काढली. मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. माझा राक्षस राक्षसासारखाच वागला होता. पण त्यानंतर गुलाबराव माझ्याशी बोलला नाही. दोस्त गमावला, असंच मी धरून चाललो.

शनिवारी निरोपाचा कार्यक्रम झाला. सगळा डेपो जमलेला, मॅनेजर साहेब अध्यक्ष. मी खाली मान घालून शेवटच्या रांगेत बसलो होतो. गुलाबरावला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला आणि त्याने बोट माझ्याकडे केलं.

"या माणसानं मले मारलं. सगळे म्हनत होते सोड, सोड. यानं नाही सोडलं. पन सामने उभा राहून मारलं साहेब, पाठीत नाही. असा दोस्त मले शेगावात कुठं भेटन?"

आणि खाली उतरून त्याने गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला.

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "हे... हे कधी झालं?"

"बुधवारी, साहेब," डोळे पुसत गुलाबराव म्हणाला. "जेवनाच्या सुट्टीत."