दुकानात शहाणा, केंद्रात येडा

“चार येळा नेला, चार येळा आणला, अन् पुन्हा तेच. तुमच्या हाताला गुणच न्हाय, भाऊ,” दूध संकलन केंद्राच्या सचिव काकू माझ्यावर ओरडत होत्या. त्यांचा आवाज असा, की तेरखेड्याच्या फटाकेवाल्यांनी नमुन्याला घेऊन जावा. कॅन घेऊन रांगेत उभं असलेलं गाव आनंदानं ऐकत होतं.

ओरडायला कारण होतं. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन लॅपटॉपात जाईना, म्हणून पावती निघेना. टँकरवाल्यानं बजावलं होतं, “आज बी पावती न्हाय निघाली तर उद्यापासून गाडी ह्या गावात वळणार न्हाय.” तो बाहेर टायरला टेकून तंबाखू मळत होता, आणि त्याची मळून संपत आली होती.

वाशीत, आमच्या तालुक्याच्या गावी, माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेला टीव्ही मला नुसतं बघून लाजेनं सुरू होतो, अशी माझी ख्याती. ती मीच पसरवली आहे. पण हा काटा माझी अब्रू घ्यायला जन्मलेला. दुकानात पहिल्या बटणाला शाळेतल्या हुशार पोरीसारखा आकडे म्हणे. केंद्रात आला की दिवसभरातच लॅपटॉपवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. वजनाचे आकडे एकामागं एक रांगेनं पुढं धाडणारी नखाएवढी चिप त्यात असते. ती मी दोनदा बदलली. मग वायर बदलली. चौथ्या खेपेला काहीच सुचेना, तेव्हा झाकण उघडून गंभीर चेहऱ्यानं फुंकर मारली. त्या उपचारानं काटा दीड दिवस चालला, हे काकूंना अजून ठाऊक नाही.

ओरडणं रंगात असताना लाइट गेली. काट्याची बॅटरी कधीच मेलेली, तो विझला. काकू चालूच होत्या. थोड्या वेळानं लाइट आली आणि माझं लक्ष केंद्रातल्या एकुलत्या एक बल्बकडं गेलं. आधी नुसती लाल तार, मग हळदीसारखा पिवळा, मग कुठं पांढरा. गावाची अन् शिवाराची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच. लाइट आली की विहिरींवरच्या ऑटो स्टार्टरच्या साऱ्या मोटारी एकदम उठतात आणि विजेचा दाब रांगत रांगत चढतो. त्या अर्धवट दाबावर चिप अर्धवट जागी होते आणि झोपेतच बरळायला लागते. पुढं दाब पुरा आला तरी तिचं बरळणं थांबत नाही. माझ्या दुकानात मी बटण दाबायचो ते भरल्या दाबावर, म्हणून ती तिथं शहाणी.

काटा आणि बल्ब एकाच बटणावर होते. ते कुणी बंद करू नये म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी मारलेली. ती सोलली, बटण बंद केलं, दहा अंक मोजले, चालू केलं. वजन गेलं. पावती निघाली. टँकरवाल्यानं ती खोट्या नोटेसारखी उन्हात धरून बघितली आणि पाइप जोडला.

मग मी मोठं व्याख्यान दिलं. दाब पुरा येईस्तोवर चिपला झोपवून ठेवणारा एक बारका भाग असतो, तो सोलापूरहून मागवतो. “तोवर एवढंच करा, काकू. लाइट गेली की बटण बंद. आली की जरा दम धरून चालू. न्हायतर उद्या पुन्हा पावती न्हाय अन् टँकर बी न्हाय.”

काकू माप विसळत शांतपणे ऐकत होत्या.

“बटण बंद केल्यावर लाइट आलेली कळत न्हाय,” त्या म्हणाल्या.