दोन बोटं जास्त

आमची आत्या शिवणकाम करते. कापड बेतताना दोन बोटं जास्त ठेवायची, ही तिची जन्माची सवय. परवा जेवणानंतर गोड म्हणून तिने संत्र्या-बदामाचा केक करायला घेतला आणि तिथेही हात आखडला नाही. सालीसकट उकडून वाटलेली संत्री, बदामाची पूड, अंडी, साखर, सगळंच थोडं जास्त. भांडं काठोकाठ भरलं.

व्हायचं तेच झालं. ओव्हनमध्ये केक फुगला आणि भांड्याबाहेर लोंबायला लागला. आई हसून हसून बेजार. "वन्सं, हा केक आहे की झालरीचा फ्रॉक?"

आत्याला मिरच्या झोंबल्या. "मी बेतलेलं कधी वाया गेलंय का?"

जी कात्री ती आम्हाला कागदाला लावू देत नाही, तीच तिने धुऊन आणली आणि लोंबणारा काठ गोल कातरून काढला. केक अगदी मापात बसला.

कातरलेला काठ मात्र असा खरपूस, कुरकुरीत झाला होता की आम्ही केक सोडून त्याच्यावरच तुटून पडलो. शेवटचा तुकडा आईनेच पटकावला आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "वन्सं, पुढच्या वेळी चार बोटं ठेवा!"