आधी टेकडी

माझे काका नगरपालिकेत एकतीस वर्षं चावीवाले होते. चावीवाला म्हणजे पहाटे उठून लांब लोखंडी दांड्याने रस्त्याखालची पाण्याची चावी फिरवणारा माणूस. अख्ख्या गावाची आंघोळ त्याच्या दोन हातांवर अवलंबून. मी त्याच नगरपालिकेत कारकून आहे. त्यामुळे पुढची हकीगत मला कागदासकट माहीत आहे, आणि आठवली की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

नळयोजनेला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं. परक्या राजवटीने आपल्याला काय दिलं आणि आपलं काय नेलं, असा एक लेख त्यात हवा होता. तो माझ्या गळ्यात पडला.

"समतोल लिहा हं," ते मला म्हणाले. "डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. पहिला फायदा नळाचा. ते आले नसते तर आपण अजून डबक्यातलं पाणी पीत असतो."

हे ते टेकडीवरच्या बंगल्यात हिरवळीवर बसून सांगत होते. बंगला पूर्वी परक्या साहेबाचा. साहेब गेला, आपले साहेब आत शिरले. माळ्याची झोपडी मागच्या बाजूला होती तिथेच राहिली.

मी वही घेऊन काकांकडे गेले.

"नळ चांगलाच," काका म्हणाले. "त्याला मी नावं नाही ठेवणार. माझ्या आधीचे दोन भाऊ एका आठवड्यात कॉलऱ्याने गेले. नळ आल्यावर आपल्या घरात त्या रोगाने कोणी गेलं नाही. लिही डावीकडे."

मी लिहिलं.

"आता हे कुठे लिहितेस ते बघू. टेकडीवर नळ आला, त्यानंतर चौदा वर्षांनी तो आपल्या खालच्या वस्तीत आला. माझे भाऊ त्या चौदा वर्षांतच गेले. आणि आला तो तरी का? साहेबाची स्वयंपाकीण आपल्या वस्तीतली. तिला लागण झाली, ती तशीच वर कामाला गेली आणि साहेबाची मुलगी आजारी पडली. महिन्याभरात नळ दारात. हा फायदा की तोटा?"

माझं पेन तिथेच अडलं. चौदा वर्षं ज्यांनी पाणी दिलं नाही, त्यांनी पंधराव्या वर्षी दिलं म्हणून आभार मानायचे. दोन मेलेली पोरं उजवीकडे, नळ डावीकडे, आणि मधे रेघ मारून म्हणायचं, झाला समतोल. माझी आजी तो नळ पुसायची, आणि पुसता पुसता त्यालाच शिव्याही द्यायची. ते कुठल्या रकान्यात बसवणार होते हे लोक?

पण काकांचा राग मेलेल्या साहेबावर नव्हताच फारसा. साहेब जाऊन बावन्न वर्षं झाली होती. तरी रोज पहाटे पाच ते आठ पाणी टेकडीला, तिथल्या साठ घरांना. आठ ते नऊ खाली, चार हजार माणसांना. आठ म्हणजे कामावर जायची वेळ. घरातलं कोणीतरी बादल्यांपाशी अडकणार, आणि ते कोणीतरी म्हणजे मुलगीच. शाळेत माझा पहिला तास गणिताचा असायचा. चार वर्षं मी तो ऐकलाच नाही. मला इंजिनिअर व्हायचं होतं, कारकून झाले.

काकांनी अकरा वेळा अर्ज केला. नवा पाइप नको, काही नको, फक्त वेळा उलट करा. खाली पाच ते आठ, वर आठ ते नऊ. अकराही वेळा उत्तर आलं, "पूर्वापार पद्धतीत बदल करता येत नाही." शेवटची चार उत्तरं तर मीच टाईप केली.

त्या संध्याकाळी काकांनी त्या अर्जांच्या प्रती माझ्या वहीवर ठेवल्या. मग म्हणाले, "साहेब गेला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मग ही एकतीस वर्षं टेकडीला आधी पाणी कोणी सोडलं? त्याने नाही. मी सोडलं. मिट ती वही."

स्मरणिका छापून आली. त्यात नळ पहिला होता आणि मी लेखात लिहिलेली ती चौदा वर्षं जागेअभावी गाळली होती.

समारंभ मंगळवारी दहा वाजता, टेकडीवर. त्या दिवशी पहाटे पाचला काकांनी खालची चावी सोडली आणि आठपर्यंत बंद केली नाही. आमची शेजारीण घड्याळ बंद पडलंय असं वाटून ते हलवून बघत होती. तिची मुलगी त्या दिवशी पहिल्या तासाला बसली. वर आठ ते नऊ एकच तास पाणी गेलं, टाकी भरलीच नाही. कारंजं कोरडं राहिलं, पाहुणे हात धुवायला गेले तर नळ नुसते फुसफुसले. मला आनंद झाला, उगाच खोटं कशाला बोलू?

तीन वाजता चौकशी. त्याआधी काकू ऑफिसात येऊन मला म्हणाली, "निवृत्तीला दोन महिने राहिलेत गं. त्यांना माफी मागायला लाव. तुझं ऐकतील."

मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "कोणाच्या आदेशाने चावी सोडलीत?"

"टेकडीला आधी सोडायचं हा आदेश कोणाचा, तो दाखवा," काका म्हणाले.

सगळं दप्तर उपसलं. आपल्यापैकी कोणाचाच आदेश नव्हता. होता तो एकच, खाली नळ आला तेव्हाचा, एकसष्ट वर्षांपूर्वीचा, परक्या साहेबाच्या सहीचा.

"ते राहू द्या," मुख्याधिकारी म्हणाले. "चूक झाली, माफ करा, एवढं लिहून द्या. प्रकरण मिटवतो. नाहीतर बडतर्फ करावं लागेल."

कोरा कागद मीच काकांपुढे सरकवला. काकूसाठी. काकांनी सावकाश लिहिलं:

"माझी चूक झाली. साहेब गेल्यावरही मी एकतीस वर्षं रोज टेकडीची चावी आधी सोडली. त्याबद्दल मी खालच्या वस्तीची माफी मागतो. आज ती चूक मी केली नाही."

मुख्याधिकाऱ्यांनी वाचून कागद परत दिला. "पहिलं वाक्य ठेवा. बाकीचं खोडा."

काकांनी पेन खिशाला लावलं आणि ते बाहेर गेले. संध्याकाळी ते बडतर्फ झाले. त्यांच्या जागी आमच्याच गल्लीतला एक जण नेमला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्याने टेकडीची चावी आधी सोडली. त्याला तसं कोणी सांगितलंही नव्हतं.