कशेळ्याची एसटी आणि माझा फॉर्म

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आता नातवंडं म्हणतात, आजीला काहीच कळत नाही. मुसलमान घरांतल्या मुलींच्या शिक्षणाची पाहणी करायला मी कशेळ्याजवळच्या एका गावात गेले होते. आदर दिसावा म्हणून डोक्यावरून ओढणीही घेतली होती.

चुलीपाशी एक बाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मला बघून हसली. "काढ गं ती ओढणी, उकडंल. घरात मी पन घेत नाय."

मी विचारलं, "मुलगी सातवीनंतर घरी का?" आणि उत्तर यायच्या आधीच 'धार्मिक कारण' या चौकटीत खूण केली.

तिचा हात थांबला. "काय लिवलंस? वाच."

मी वाचलं.

"खोड. हायस्कूल कशेळ्याला. शाळा सुटल्यावर दोन तासांनी यष्टी. अंधारात पोर येकटी कशी येल? समोरच्या कुणब्याची पोर पन घरातच हाय. तिला कोनता धर्म आडवा आला?"

"पण फॉर्ममध्ये एसटीची चौकट नाही," मी पुटपुटले.

"मग काढ की! पेन तुज्याच हातात हाय ना?"

मी आधीची खूण खोडली आणि खाली 'एसटी' अशी नवी चौकट काढली. तिनं वाकून ती नीट पाहिली, कागदावर पिठाचं बोट उमटवलं आणि माझ्या हातावर गरम भाकरी ठेवली. तशी भाकरी पुन्हा कुठे खाल्ली नाही.

तेवढ्यात आतून मुलगी ओरडली, "पाचची यष्टी पायजे, तेपन लिवा!"

तेही लिहिलं. त्या जाडजूड अहवालातली तेवढीच ओळ आज मोठ्याने वाचायला मला लाज वाटत नाही.