तिसरा खिळा

टोकनकाका दूध आणायला खाली उतरले तरी दाराबाहेरचं टोकन हलवूनच जायचे. त्यांच्या चौकटीवर दोन खिळे होते. उजव्या खिळ्यावर पितळेचा गोल बिल्ला लटकत असला की काका घरात, डाव्यावर असला की बाहेर. बिल्ल्यावर ४१७ हा आकडा ठोकलेला होता. बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांनी फिटर म्हणून उभी हयात काढली. तिथे गेटवर प्रत्येक कामगाराचं असं एक टोकन असायचं. कोण आला, कोण नाही, ते बोर्डाकडे बघून कळायचं. निवृत्त होताना काकांनी आपलं टोकन साहेबांकडून मागून घेतलं आणि घरी येऊन पहिलं काम केलं ते खिळे ठोकायचं. "माणूस कुठं आहे हे दाराला विचारता आलं पाहिजे," असं ते म्हणायचे.

खालच्या मजल्यावरच्या जिग्नाबेन जिन्यात त्यांना गाठून विचारायच्या, "काका, हजी ड्यूटी चालू छे?"

"अजून चालू छे ने, बेन. फक्त भोंगा बंद झालाय."

माणसाबद्दल लिहायची मला सवय नाही, त्यामुळे हे जमेल की नाही माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा गोरव्याला एका कारखान्यात लेथवर असतात, आई घरी साड्यांना फॉल लावते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि काका आमच्या अगदी समोर राहायचे. माझी बहीण रेवा माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. ती तीन वर्षांची झाली तरी हाक मारल्यावर वळून बघायची नाही. तेव्हा डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. तो शब्द आम्ही तिघांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आई डॉक्टरांना तीनदा विचारून आली होती, "पण बोलेल ना ती?"

रेवाला बदल सहन व्हायचा नाही. पडदे धुवायला काढले तरी ती दिवसभर खिडकीखाली डोकं आपटत बसायची. जिग्नाबेन एकदा सहज म्हणाल्या, "जिद्दी आहे छोकरी, दोन धपाटे द्या." काका जिना चढत होते. ते थांबून म्हणाले, "बेन, हातोडी मारून सांधा बसत नाही. तो कुठं अडतोय ते बघावं लागतं." जिग्नाबेन भल्या बाई आहेत. दुसऱ्या दिवशी त्या वाटीभर ढोकळा घेऊन आल्या आणि नंतर कधी तसं बोलल्या नाहीत.

रेवा चार वर्षांची असताना काका एकदा बँकेत गेले आणि घाईत टोकन हलवायला विसरले. माणूस बाहेर आणि टोकन आत! आमचं दार उघडं होतं. एरवी कुणाकडेही न बघणारी रेवा उठली, पॅसेज ओलांडून गेली, त्यांच्या दारातल्या चपलांच्या स्टँडवर चढली आणि टोकन उजव्या खिळ्यावरून काढून तिने डाव्या खिळ्यावर अडकवलं. मग येऊन होती तिथे बसली. आईच्या हातातली सुई तशीच राहिली. आम्हाला वाटायचं ही कुणाची दखल घेत नाही. काका आत आहेत की बाहेर, याचा हिशेब ती रोज ठेवत होती आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी आईने काकांना हे सांगितलं. काकांनी चौकटीवरचे ते दोन खिळे हाताने चाचपून बघितले. मग मला म्हणाले, "पोरा, तेलाचा रिकामा डबा आहे का घरी?"

तेव्हा रेवा जायची त्या थेरपी सेंटरच्या बाईंनी रेवासाठी कागदाची चित्रं दिली होती. आधी अंघोळ, मग दूध, मग बूट, असं चित्र दाखवून दिवस समजावायचा. रेवा ती चित्रं चावून टाकायची. काकांनी शेंगतेलाचा पत्र्याचा डबा कापून त्याच्या चकत्या केल्या, प्रत्येकीला भोक पाडलं, आणि कडा घासायला मला बसवलं. मी पहिली चकती दाखवली तर म्हणाले, "स्वतःच्या गालावरून फिरव." फिरवली. टोचली. "तुला टोचली म्हणजे तिलाही टोचणार. घे कानस." बारा चकत्या होईपर्यंत माझा गाल लाल झाला होता. मग त्यांनी ऑइलपेंटने चित्रं काढली: बादली, पेला, बूट, झोका, सेंटरचं निळं फाटक. एका फळीवर डावीकडे 'बाकी'चे खिळे आणि उजवीकडे 'झालं'चे. एक एक काम झालं की चकती तिकडे न्यायची.

पहिल्या दिवशी रेवाने अंघोळीची चकती फेकून दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. बाबा वैतागले. "काका, हे काही हिच्या डोक्यात शिरणार नाही."

काका चकती घेऊन आमच्या न्हाणीघरात गेले आणि हसत बाहेर आले. "तुमची बादली हिरवी. मी काढलीय लाल. पोरगी म्हणते, ही कुणाची बादली?" त्यांनी तिथल्या तिथे रंग खरवडला. "जॉब, म्हणजे हातातला तुकडा, बसला नाही की आधी ड्रॉइंग तपासायचं. जॉबवर ओरडायचं नाही." हिरवी बादली आल्यावर रेवा निमूट अंघोळीला गेली. बाबांनी हे वाक्य घरात इतकं उचललं की आता भाजीत मीठ जास्त झालं तरी ते आईला म्हणतात, "आधी ड्रॉइंग तपास." आई म्हणते, "तुम्ही आधी जीभ तपासा."

उत्तरायण, म्हणजे संक्रांत, हा आमच्या घरातला सगळ्यात अवघड सण होता. अख्खं बडोदं गच्चीवर, लाउडस्पीकर, पिपाण्या, आणि कुणाचा पतंग कापला की सगळीकडून "काप्यो छे!" अशी आरोळी. रेवा दोन दिवस पलंगाखाली असायची आणि आई तिच्याबरोबर खाली पडून राहायची. चकत्या झाल्या त्या वर्षी काकांनी आठ दिवस आधी पतंगाची चकती केली आणि रोज चार वाजता आमच्या दारात उभं राहून आरोळीची तालीम सुरू केली. पहिल्या दिवशी कुजबुजत, "काप्यो छे." दुसऱ्या दिवशी जरा मोठ्याने. आठव्या दिवशी म्हातारा जिन्यात उभा राहून असा ओरडला की जिग्नाबेन लाटणं घेऊन धावत वर आल्या. "शुं थयुं, काका?"

"कांई नहीं. टेस्टिंग चालू छे."

सणाच्या दिवशी रेवा कानांवर हात घेऊन गच्चीवर आली. अकरा मिनिटं थांबली. मी घड्याळ लावलं होतं. मग स्वतःच खाली गेली आणि पतंगाची चकती 'झालं'वर लावून आली. आई त्या वर्षी रेवा झाल्यापासून पहिल्यांदा संध्याकाळपर्यंत गच्चीवर बसून ऊस खात होती.

एक गोष्ट लिहायला मला लाज वाटते. पहिल्या वर्षी कॉलेजची तीन दिवसांची सहल होती. रेवा रडेल म्हणून ती झोपेत असताना मी गुपचूप निघालो. परत आलो तेव्हा ती दाराशी चपलांजवळ बसलेली होती. तीन दिवसांत तिने दुधाशिवाय काही तोंडात घेतलं नव्हतं, आणि कसेबसे आलेले तिचे चार-पाच शब्दही बंद झाले होते. ते परत यायला दोन महिने लागले. काका मला रागावले नाहीत. एक कोरी चकती आणून दिली. "टोकन न लावता गेट ओलांडू नये, पोरा. मागच्याला कळत नाही की आपण रजेवर आहोत की मेलोय." त्या चकतीवर माझा चष्मा काढलेला आहे. तेव्हापासून त्याच फळीवर खाली 'घरात' आणि 'बाहेर' अशा खिळ्यांवर आई, बाबा आणि मी, आम्हा तिघांची टोकनं आहेत आणि ती हलवल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही.

म्हणूनच, काकांचे गुडघे जिना चढेनासे झाले आणि त्यांची मुलगी त्यांना कायमचं नाशिकला न्यायचं म्हणाली, तेव्हा आईला आधी माझी ती सहल आठवली. मी तीन दिवस गेलो तर हे झालं. काका तर परत येणारच नव्हते.

"डाव्या खिळ्यावर लावून जा," बाबा म्हणाले. "तिला वाटेल बाहेर गेलेत."

"आणि मग ती रोज वाट बघेल," काका म्हणाले. "डावा खिळा परत येणाऱ्याचा. तिला खोटं टोकन दाखवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या फळीवर, सगळ्यांपासून थोडा लांब, 'घरात'चा नाही आणि 'बाहेर'चाही नाही असा तिसरा खिळा ठोकला. त्याच्यावर चित्र काढलं: एक घर आणि मोबाइल. मग तालीम सुरू झाली. चार रविवार, सकाळी अकराला, काका समोरच्या आपल्या घरात बसून आम्हाला व्हिडिओ कॉल करायचे. आधी त्यांच्या दारावरचं ४१७ आणून आमच्या तिसऱ्या खिळ्यावर लावायचं, मग फोन. दोन्ही दारं उघडी, त्यामुळे काकांचा आवाज फोनमधूनही यायचा आणि पॅसेजमधूनही. पहिल्या रविवारी रेवा फोनमध्ये बघायची, धावत जाऊन खऱ्या काकांना बघायची, पुन्हा फोनकडे यायची. काका खुर्चीत ताठ बसून, तिच्याकडे न बघता, फोनशीच बोलत राहायचे. चौथ्या रविवारी ती पॅसेजमध्ये गेलीच नाही. फोनसमोर बसून राहिली.

"झालं काम," काका म्हणाले, आणि फोन बंद करायचं बटण त्यांना बराच वेळ सापडलं नाही.

जायच्या सकाळी खाली टॅक्सी उभी होती. आई ओवाळता ओवाळता म्हणाली, "येतो म्हणा, काका. जातो म्हणू नये." काकांनी नाही अशी मान हलवली आणि ते रेवासमोर जमिनीवर बसले. त्या गुडघ्यांनी ते कसे बसले कुणास ठाऊक. ४१७ तिच्या तळहातावर ठेवलं. "मी नाशिकला जातो. रविवारी अकरा वाजता फोनमध्ये." रेवाने बिल्ला गालावरून फिरवला, उठली आणि तिसऱ्या खिळ्यावर लावला. रडली नाही. मी आणि बाबांनी काकांना दोन्ही बाजूंनी उठवलं.

"पोरगी शिकली," ते जिन्यात म्हणाले. "आता मला कोण शिकवणार?" जिग्नाबेन खाली डोळे पुसत "आवजो, काका, आवजो" म्हणत होत्या.

मधले दिवस आई रेवाच्या ताटावर नजर ठेवून होती. रेवा जेवत होती, झोपत होती, रोज एकदा तिसऱ्या खिळ्याकडे बघून जात होती. रविवारी अकराला फोन वाजला. मोबाइल नेहमीसारखाच उंच धरलेला, त्यामुळे काकांचं फक्त कपाळ दिसत होतं. मी "काका, कसे आहात?" म्हणालो. त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

रेवा फळीकडे गेली. तिने ४१७ तिसऱ्या खिळ्यावरून काढलं आणि आमच्या तिघांच्या टोकनांच्या ओळीत, 'घरात'च्या रिकाम्या खिळ्यावर अडकवलं. पितळ फळीवर टक्कन वाजलं.

"हां," कपाळ म्हणालं. "लागली माझी हजेरी. बोल आता. दूध प्यायलीस?"

फोन संपल्यावर तिने टोकन परत तिसऱ्या खिळ्यावर नेलं. आता वर्ष होत आलं. रविवारी मी कुठेही असलो तरी अकराच्या आत घरी येतो, येताच आपलं टोकन हलवतो आणि गप्प बसून राहतो. फोन लागतो, पलीकडे कपाळ दिसतं, आणि पितळेचा तो आवाज ऐकू येईपर्यंत नाशिकला काकाही गप्प असतात.