ओढ्यात अडकलेले सॅमन

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियातल्या दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, फिशिंग लायसन्स काढलं. त्याचं बालपण मालवणात गेलेलं. समुद्रातून नदीत परतणारे सॅमन मासे त्याला बघायचे होते, जमलं तर गळाला लावायचेही होते. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीत दशम्या नि दाण्याची चटणी घेऊन आम्ही फ्रीमाँटच्या घरून निघालो.

फ्रीवेनं उत्तरेला रेडिंगपर्यंत चार-पाच तास लागतात. गाडीत एसी नसेल तर पहाटेच निघा. दुपारी खिडकीतून नुसत्या झळा येतात. मोटेल गावाच्या अलीकडे स्वस्त पडतं.

सकाळी रेडिंगजवळच्या ओढ्यावर पोचलो तर पाटी: मासेमारी बंद. पाणी इतकं आटलं होतं, की अंडी घालायला वर निघालेले मासे एका डोहात अडकले होते. त्यांच्या पाठी पाण्याबाहेर दिसत होत्या. मत्स्यखात्याच्या एक वॉर्डनबाई जमलेल्या लोकांच्या मदतीनं मासे टँकरमध्ये चढवत होत्या, वरच्या अंगाला नेऊन सोडायला. त्यांच्यात रे नावाचा एकजण होता. पर्यटकांना होडीतून मासेमारीला नेणं हा त्याचा धंदा, तो आता ठप्प.

"बघताय काय? उतरा की!" तो ओरडला.

आम्ही उतरलो. ओल्या गोणपाटात मासा धरला की त्याची धडपड थेट खांद्यापर्यंत जाणवायची. दुपारी टँकर भरला, मासे वर सोडले. सुधीर लहान मुलासारखा हसत होता.

परतताना रेनं कालवा दाखवला. काठोकाठ भरून बदामाच्या बागांकडे चाललेला.

"यातलं थोडं ओढ्यात सोडलं असतं तर?" सुधीरनं विचारलं.

"पाण्यावर हक्क बागवाल्यांचा," रे म्हणाला. "मी गळ टाकला तर मात्र दंड."

दुसऱ्या दिवशी वॉर्डनबाई नि रेबरोबर आम्ही मासे सोडले होते तिथे गेलो. बहुतेक उलटे तरंगत होते. वॉर्डनबाईंनी एक मादी उचलली. पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं.

"डोहातच पाणी फार तापलं होतं. आपल्याला उशीर झाला," त्या म्हणाल्या.

रे ट्रकमध्ये बसून निघून गेला.

घरी आल्यावर एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आमच्या ओळखीच्या कुलकर्णीकाकांनी विचारलं, "काय सुधीर, मिळाले का मासे?"

"मिळाले," तो म्हणाला.

"मग कालवणाला बोलावलं नाहीस ते?"

सुधीर ताट ठेवून बाहेर गेला. पुन्हा त्यानं गळ हातात धरला नाही.

तुम्ही जरूर जा. रस्ता फार सुंदर आहे. ओढ्याला पाणी असेल का, ते मात्र बागवाल्यांना विचारून निघा.